चेहरा छापाचा, दागिने खरे

गुरुवार : ट्रफाल्गर चौकाच्या मागे

लंडनला जाऊन कोहिनूर न बघता परत आलो, म्हणून घरी अजून टोमणे चालू आहेत. पण आमचा बेतच वेगळा होता. टॉवर ऑफ लंडनमधल्या काचेआडचे मुकुट जवळपास सगळे नंतरच्या राजाराण्यांचे. आम्हाला बघायची होती पहिली एलिझाबेथ, १५५८ ते १६०३ अशी चव्वेचाळीस वर्षं गादीवर बसलेली. आणि तिचे दागिने बघायचे तर ते चित्रांतच बघावे लागतात, कारण खरे दागिने बहुतेक सगळे गेले. तिच्यामागून आलेल्या जेम्स राजाच्या काळात काही मोडून नव्यानं घडवले गेले, काही वाटले गेले. जेम्सच्या मुलानं, चार्ल्सनं पैशासाठी गहाण टाकले, विकले. १६४९ मध्ये त्याचं मुंडकं उडवल्यावर पार्लमेंटनं राजमुकुटसुद्धा वितळवून टाकले.

सोबतीला मावशी होती. तिचं माहेर बेळगाव, सासर कोल्हापूर. घरात पिढ्यान्‌पिढ्यांची सराफी, गुजरीत दुकान. चित्रातलं मला काही कळत नाही, असं ती स्वतःच सांगते. पण दागिना चित्रातला असला तरी ती आधी त्याचा फासा कुठे आहे ते शोधते. मुक्काम हॅरोला, तिच्या मुलीकडे.

नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी ट्रफाल्गर चौकाच्या मागच्या अंगाला आहे. प्रवेश फुकट. लांबच लांब सरकत्या जिन्यानं थेट वर गेलं की ट्यूडर घराणं लागतं. आठव्या हेन्रीपाशी गर्दी होती, तिला वळसा घालून आम्ही त्याच्या मुलीकडे गेलो.

पहिलं गाठलं ते ‘डार्न्ली पोर्ट्रेट’, १५७५ च्या आसपासचं. राणी चाळिशी ओलांडलेली, हातात पिसांचा पंखा, मागे टेबलावर मुकुट आणि राजदंड. चेहरा पांढराफटक. एलिझाबेथ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जो खडूसारखा चेहरा येतो तो बऱ्याच अंशी अशाच चित्रांमुळे. गंमत म्हणजे गॅलरीच्या तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा कळलं की मूळ चित्रात तिच्या गालांवर चांगली लाली होती. तो लाल रंग प्रकाशानं उडाला. आज तपकिरी दिसणारा झगाही मुळात किरमिजी होता. म्हणजे इतकी वर्षं लोक जिला राणीचा फिकटपणा म्हणत आले त्यातला निदान काही भाग रंगाच्या कच्चेपणाचा.

या चित्राचं महत्त्व दुसऱ्याच कारणासाठी. इथला चेहरा पुढे किती चित्रांत वापरला गेला त्याला सुमार नाही. राणी चित्रकारापुढे फार वेळा बसत नसे. एकदा बसली की त्या चेहऱ्याचा खाका तयार व्हायचा आणि कारखान्यात तोच छाप पुन्हा पुन्हा उतरवला जायचा. दरबाऱ्यांना घरात राणीचं चित्र लावायचं असे, मागणी मोठी, आणि वाटेल त्यानं वाटेल तसा चेहरा रंगवलेला राणीला चालत नसे. १५६३ मध्येच यावर हुकूम काढायचा मसुदा झाला होता. १५९६ मध्ये तर राणीच्या सल्लागार मंडळानं, प्रिव्ही कौन्सिलनं बेढब चित्रं शोधून नष्ट करायला सांगितली. त्यामुळे एलिझाबेथच्या चित्रांत चेहऱ्यावरून वय काढायला जाऊ नये. चेहरा सरकारी आहे.

मावशी चेहऱ्याकडे बघतच नव्हती.

“हे काळे चौकोन काय आहेत गं? गोमेद?”

झग्यावर, केसांत, गळ्याशी, सोन्याच्या चौकटीत बसवलेले काळेभोर चौकोनी खडे. मी म्हटलं, हिरे. तिचा विश्वास बसेना. हिरा काळा कोण रंगवतो? पण ते हिरेच. तेव्हा आजच्यासारखे अठ्ठावन्न पैलू पाडत नसत. निसर्गतःच आठ बाजूंच्या, दुहेरी पिरॅमिडसारख्या मिळणाऱ्या स्फटिकाचं वरचं टोक घासून सपाट करायचं, की झाला ‘टेबल कट’. मग मागून पत्रा किंवा काळा लेप देऊन तो बंद कोंदणात बसवायचा. असा खडा मेणबत्तीच्या उजेडात हलला की एकदम लखकन चमकतो, एरवी काळा पडून राहतो. चित्रकारानं जे दिसलं तेच काढलं.

हे ऐकल्यावर मावशी पुन्हा पहिल्यापासून सगळं बघायला लागली. बंद कोंदण आणि खाली पत्रा म्हणजे तिच्या ओळखीचं काम. खालून उघडी बैठक ही अलीकडची, पूर्वी सगळं बंदच असायचं, हे ती मला तिथे उभ्या उभ्या सांगत होती आणि शेजारचं एक वयस्कर जोडपं मराठीतलं हे व्याख्यान मान डोलवत ऐकत होतं.

दुपारनंतरचा सगळा वेळ एका चित्रापुढे गेला. ‘डिचली पोर्ट्रेट’, मार्कस गिरार्ट्स धाकटा याचं, १५९२ च्या सुमाराचं. जवळजवळ अडीच मीटर उंच. पांढऱ्या झग्यातली राणी पृथ्वीच्या गोलावर उभी आहे आणि तिच्या पायांखाली इंग्लंडचा नकाशा पसरलाय. नद्या, गावं, सगळं. तिची पावलं ऑक्सफर्डशायरवर आहेत, कारण चित्र काढून घेणाऱ्या सर हेन्री ली यांची डिचलीची वाडी तिथलीच. एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला विजा कडाडणारं आभाळ. ली महाशयांनी राणीची खप्पामर्जी ओढवून घेतली होती असं सांगतात. एका बाईच्या प्रकरणावरून. मग राणीला घरी बोलावून, मेजवान्या देऊन ते प्रकरण मिटवलं.

एवढ्या थाटात खरी गोष्ट आहे ती तिच्या डाव्या कानाशी. खगोलशास्त्रज्ञ वापरत तसल्या कड्यांच्या गोलाचं एक छोटं लोंबतं. आकाशाचं यंत्र कानात. पायाखाली पृथ्वी, कानात ब्रह्मांड, आणि मधे ही बाई. खुशामत करावी तर अशी. आमच्याकडे पोवाड्यातसुद्धा इतकं कुणी लिहिलं नसतं.

तिथून निघताना माझं मत जवळपास पक्कं झालं होतं. या चित्रांत चेहरा हा छाप, दागिने मात्र नगानगानं बघून काढलेले. नवीन वर्षाच्या दिवशी दरबारी राणीला भेटी देत आणि प्रत्येक नग नावासकट वहीत चढे. ज्यानं जे दिलं ते चित्रात दिसलं, म्हणजे देणाऱ्याचा मान. त्यामुळे चित्रकाराला दागिना चुकवून चालत नव्हतं, चेहरा चुकवून चाललं असतं.

शुक्रवार : सोनारगल्ली आणि व्ही अँड ए

सकाळी सेंट पॉल्स स्टेशनला उतरून चीपसाइड. आता तिथे बँका आणि सँडविचची दुकानं. एलिझाबेथच्या काळात इथे सोनारांची अख्खी रांग होती, ती १६६६ च्या आगीत गेली. १९१२ मध्ये याच रस्त्यावर एक जुनं घर पाडताना मजुरांना तळघराच्या जमिनीखाली दागिन्यांची पेटी सापडली होती, चारशेच्या वर नग. कुणा सोनाराचा पुरून ठेवलेला माल. सोनारांची मोठी पंचायत, म्हणजे गोल्डस्मिथ्स हॉल, अजून शेजारच्या फॉस्टर लेनमध्ये आहे. तिच्या पलीकडे गटर लेन. बघण्यासारखं काही नाही, तरी आम्ही एक चक्कर मारली, कारण इथे निकोलस हिलियर्ड राहत होता.

हिलियर्ड हा एलिझाबेथचा लघुचित्रकार. एक्झिटरच्या सोनाराचा मुलगा. राणीचा जवाहिऱ्या रॉबर्ट ब्रँडन याच्याकडे उमेदवारी केली, त्याचीच मुलगी केली. आयुष्यभर कर्जात. मावशीला हे सगळं फार ओळखीचं वाटलं. म्हणाली, “हाताला कला आणि खिशाला भोक, असे कारागीर आमच्याकडे बक्कळ.”

त्याची कामं बघायला साउथ केन्सिंग्टनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेलो. शुक्रवारी ते रात्री दहापर्यंत उघडं असतं, हे लक्षात ठेवण्यासारखं.

‘हिनीज ज्वेल’ बघितल्यावर मावशीच्या तोंडून शब्द निघेना, ही घटना दुर्मीळ. जेमतेम तळहातात मावेल एवढं लोलक. सोन्यावर मीना, वर टेबल कटचे हिरे आणि ब्रह्मदेशी माणकं. पुढच्या अंगाला राणीचं सोन्यातलं उठावाचं शिल्प. मागच्या झाकणावर वादळातून सुखरूप चाललेली नौका आणि लॅटिन अक्षरं, भावार्थ असा की खवळलेल्या लाटांतूनही शांत. म्हणजे इंग्लंडचा धर्म वादळातून तरला, आणि तारणारी कोण हे सांगायला नको. झाकण उघडलं की आत गुलाब, आणि हिलियर्डचं लघुचित्र. आणि हे सगळं असं की अंगावर घालणाऱ्याशिवाय आतलं कुणाला दिसू नये. सर थॉमस हिनीज या दरबाऱ्याच्या घराण्यात ते राहिलं म्हणून वाचलं. राणीकडे राहिलं असतं तर वितळलं असतं. दुसरं तसंच ‘ड्रेक ज्वेल’, फ्रान्सिस ड्रेक या दर्यावर्दीला राणीनं दिलेलं. तेही राणीकडे राहिलं नाही म्हणूनच टिकलं. राणीचे दागिने बघायचे तर तिनं देऊन टाकलेलेच उरलेत.

लघुचित्रांची खोली मुद्दाम अंधारी ठेवतात. चित्रं आपल्या अंगठ्याच्या पेराएवढी, तीही खेळायच्या पत्त्यावर चिकटवलेल्या कातड्याच्या पातळ पापुद्र्यावर काढलेली. भिंग घेऊन गेलात तर उत्तम, आमच्याकडे दुकानातलं होतंच.

हिलियर्डनं आपली पद्धत लिहून ठेवली आहे. माणिक काढायचं तर आधी चांदीचा लेप द्यायचा, तो एखाद्या छोट्या रानटी जनावराच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या दातानं घासून चकचकीत करायचा, आणि मग त्यावर लाल रंगवलेल्या राळेचा थेंब तापवलेल्या सुईनं ठेवायचा. थेंब निवला की खड्यासारखा फुगीर राहतो. मोत्यासाठी पांढऱ्या रंगाचा उंच टिपका, आणि त्याच्या एका कडेला चांदीचा कण. म्हणजे तो माणिक रंगवत नव्हता, बसवत होता. कोंदणकाम आणि चित्रकाम यांत त्याच्या हाताला फरकच नव्हता. भिंगातून बघितलं तर मोत्यांवरचे ते चांदीचे कण आता काळे पडलेले दिसतात. चांदी ती, काळवंडणारच. मावशीनं सुचवलेला उपाय, चिंच, मी तिथल्या कुणाच्या कानावर घातला नाही.

राणी १५७२ मध्ये पहिल्यांदा त्याच्यापुढे बसली तेव्हा म्हणे तिनं स्वतः जागा निवडली. बागेतली मोकळी वाट, जवळ झाड नाही, कुठे सावली नाही. चेहऱ्यावर सावलीच नको होती तिला, आणि हिलियर्डलाही ते पटलं. त्याच्या चित्रांत नाकाची सावलीसुद्धा नावाला. सावली हवी ती फक्त दागिन्याला, खडा उठून दिसायला.

इथेच त्याच्या शिष्याचं, आयझॅक ऑलिव्हरचं एक अर्धवट लघुचित्र आहे. राणी साधारण साठीतली. गाल आत गेलेले, नाक धारदार, डोळ्यांखाली थकवा. फक्त चेहरा पुरा आहे, कपडे आणि दागिने रेघांवर सोडलेले. राणीच्या सगळ्या चित्रांत हे मला सर्वांत आवडलं. त्यावरून पुढे फारशा प्रती निघालेल्या दिसत नाहीत, त्यावरून दरबाराला ते आवडलं नसावं हे उघड आहे. दागिने नाहीत आणि चेहरा खरा, असं हे एकच भेटलं.

कॅफेत चहा घेताना मावशीचा प्रश्न आला. “एवढे हिरे आणले कुठून यांनी?”

आपल्याकडूनच. ब्राझीलच्या खाणी अठराव्या शतकातल्या. त्याआधी युरोपात जाणारा हिरा बहुतकरून दख्खनचा, कृष्णेच्या खोऱ्यातला, गोवळकोंड्याच्या मुलखातला. तो गोव्याला यायचा, तिथून पोर्तुगीज गलबतावर लिस्बन, पुढे अँटवर्पला घडवला जायचा. या दलालीतून सुटायला इंग्रज धडपडतच होते. १५८३ मध्ये जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच असे दोन व्यापारी एलिझाबेथचं अकबराला लिहिलेलं पत्र घेऊन निघाले. बरोबर विल्यम लीड्स नावाचा जवाहिऱ्या होता आणि जेम्स स्टोरी नावाचा चित्रकारही. पोर्तुगीजांनी त्यांना होर्मुझला पकडलं आणि गोव्याला आणून तुरुंगात घातलं. तिथून सोडवायला धावून आला तो एक इंग्रज जेझुइट पाद्री. कोण? तर फादर थॉमस स्टीफन्स. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे आपले फादर स्टीफन्स. ते १५७९ पासून गोव्यात होते. कॅथलिक असल्यामुळे एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये त्यांना जागा नव्हती, आणि तिच्याच माणसांच्या सुटकेसाठी त्यांनी खटपट केली.

स्टोरीला गोव्यातच चित्रकामावर ठेवून घेतलं. बाकीचे तिघे १५८४ मध्ये गुपचूप सटकले. फिचनं लिहून ठेवलंय की वाटेत लागलेल्या पहिल्या गावांपैकी एक बेळगाव, आणि तिथे हिरे, माणकं, नीलम यांचा मोठा बाजार भरतो.

मावशीनं कप खाली ठेवला. “बेळगावात?”

“बेळगावात.”

मग तिथून विजापूर, गोवळकोंडा आणि अकबराचा दरबार. लीड्स जवाहिऱ्या अकबराच्या चाकरीत राहिला. फिच तेवढा हिंडत हिंडत १५९१ मध्ये लंडनला परतला. त्याच्याकडची माहिती ईस्ट इंडिया कंपनी काढणाऱ्यांच्या कामी आली आणि ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथनं कंपनीच्या सनदेवर मोहोर उठवली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

मावशी हॅरोला पोचेपर्यंत मुलीला फोनवर हेच सांगत होती. बेळगावचा बाजार तोवर दुप्पट झाला होता.

शनिवार : नदीनं ग्रीनिचला

वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावरून बोट घेतली. वाटेत डाव्या हाताला टॉवर. १५५४ मध्ये थोरल्या बहिणीनं, मेरीनं, एलिझाबेथला दोनेक महिने इथे कोंडलं होतं. आम्ही उतरलो नाही. तिथल्या इम्पीरियल स्टेट क्राउनमध्ये चार मोती लोंबतात, त्यांना राणी एलिझाबेथचे कानातले म्हणतात. परंपरा म्हणते, पुरावा म्हणत नाही. कोहिनूर बघून रक्त आटवायची मावशीची तयारी नव्हती, आणि चार मोत्यांसाठी तेवढं तिकीट काढायची माझी.

ग्रीनिचला एलिझाबेथ जन्मली, ७ सप्टेंबर १५३३. तो राजवाडा आता नाही. पण टेकडीच्या पायथ्याला क्वीन्स हाउस आहे, आणि त्यात ‘आर्माडा पोर्ट्रेट’. स्पॅनिश आरमाराचा १५८८ मध्ये धुव्वा उडाल्यानंतरचं. अशा तीन आवृत्त्या आहेत. एक वोबर्न अ‍ॅबीत, एक, दोन्ही बाजू कापलेली, पोर्ट्रेट गॅलरीकडे, आणि ही. ही टिरविट-ड्रेक घराण्याकडे होती. २०१६ मध्ये १ कोटी ३ लाख पौंडांना विकत घेतली, त्यासाठी हजारो सामान्य लोकांनी वर्गणी दिली. आता ती सगळ्यांची, बघायला पैसे पडत नाहीत.

चित्र आडवं आणि राणी त्यात अख्खी भरून राहिलेली. मागे दोन खिडक्या. एकीत इंग्रज आरमार शांत पाण्यात, दुसरीत स्पॅनिश जहाजं खडकांवर आपटताहेत. (ही समुद्रदृश्यं नंतर कुणीतरी वरून पुन्हा रंगवलेली आहेत, पण तीही आता जुनी, म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांनी तशीच ठेवली.) उजवा हात पृथ्वीच्या गोलावर, बोटं अमेरिकेवर. कोपरापाशी मुकुट.

आणि मोती. केसांत मोती, बाह्यांवर मोती, झग्याच्या प्रत्येक गुलाबी फितीच्या मध्यावर मोती, गळ्यातून पोटापर्यंत सरांवर सर. मावशीनं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. राणीचा लेस्टर नावाचा लाडका सरदार १५८८ च्याच सप्टेंबरात वारला आणि मृत्युपत्रात सहाशे मोत्यांचा सर राणीला ठेवून गेला. चित्रातले तेच, अशी एक समजूत. त्याआधी १५६८ मध्ये तिनं स्कॉटलंडच्या मेरीचे प्रसिद्ध मोती विकत घेतले होते. मेरी पदच्युत, कैदेत, आणि तिचे दागिने बाजारात. फ्रान्सच्या कातरीन दे मेदिचीलाही ते हवे होते. एलिझाबेथनं बोली मारली. त्यातले काही काळ्या द्राक्षांसारखे होते असं वर्णन आहे. मेरीला पुढे १५८७ मध्ये कुऱ्हाडीखाली जावं लागलं, मोती इकडेच राहिले.

मोती म्हणजे कौमार्य, हा अर्थ इथे सगळे सांगतात. असेल. पण मला वाटतं, मोती हे रोकड दाखवायचं साधन होतं. पैलू पाडता येत नाही, मोडून दुसरं करता येत नाही, एकसारखे हजार जमवायचे तर हजार समुद्रांतून निवडावे लागतात. कल्चर मोती नव्हतेच. बसऱ्याचे मोती ज्यांच्या घरात पेटीच्या तळाशी आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. अर्थात सगळंच अस्सल नव्हतं. झग्यांवर शिवायला नकली मोतीही लागत.

१५९८ मध्ये पाउल हेंट्झनर नावाचा एक जर्मन प्रवासी इथल्याच राजवाड्यात राणीला बघून गेला. आमच्याआधी याच गावाचं प्रवासवर्णन लिहिणारा. तो लिहितो: दात काळे, कारण इंग्रज साखर फार खातात. केस लाल आणि तेही खोटे. कानांत दोन मोती. पांढऱ्या रेशमी झग्याच्या कडेला वालाच्या दाण्याएवढाले मोती. चित्रातल्या चेहऱ्याशी त्याचं वर्णन कुठेच जुळत नाही, दागिन्यांशी तंतोतंत जुळतं. गुरुवारचं माझं मत इथे मला फार खरं वाटलं.

नाहीतर राणीच्या वॉर्डरोबची वही बघा. त्यात ‘राणीच्या अंगावरून हरवलेलं’ अशा नोंदी आहेत. अमुक गावच्या मुक्कामी सोन्याचं एक बटण पडलं, तमुक दिवशी मोती निसटला. एवढं सगळं टाचलेलं आणि शिवलेलं, चालताना पडणारच. पडलेल्या प्रत्येक बटणाची नोंद ठेवणारा तो कारकून मावशीला फार आवडला. दुकानात असा एक माणूस हवा, म्हणाली.

रविवार : हॅटफिल्ड

किंग्ज क्रॉसवरून अर्ध्या तासाच्या आत हॅटफिल्ड. स्टेशनाच्या समोरच फाटक. घर वर्षभर उघडं नसतं, उन्हाळ्याच्या मोसमात आणि ठरावीक वारीच असतं, तेव्हा बघून जावं. जुन्या राजवाड्याची एक विटकरी बाजू अजून उभी आहे. एलिझाबेथचं बालपण इथलं, आणि १५५८ च्या नोव्हेंबरात मेरी वारल्याची खबर तिला इथेच बागेत मिळाली. ओकच्या झाडाखाली, म्हणतात. झाड आता दुसरं आहे. शेजारचं मोठं घर रॉबर्ट सेसिल या तिच्या शेवटच्या मंत्र्याचं, १६११ चं. त्याच्या वंशजांकडेच आजही आहे.

इथे दोन चित्रं. ‘अर्मिन पोर्ट्रेट’ १५८५ चं. काळा झगा, बाहीवर गळ्यात मुकुट घातलेला अर्मिन नावाचा एक पांढरा चिमुकला प्राणी. पण आम्ही आलो होतो तिच्या छातीवरच्या दागिन्यासाठी. ‘थ्री ब्रदर्स’. मधे हिरा, भोवती तीन मोठे लाल खडे, खाली आणि मधे मधे मोती. चौदाव्या शतकाच्या अखेरीला बर्गंडीच्या ड्यूकसाठी घडवलेला. १४७६ मध्ये ग्रांसोंच्या लढाईत ड्यूक चार्ल्स छावणी टाकून पळाला आणि तो स्विस सैनिकांच्या हाती लागला. बाझल शहरानं तो घेतला, पुढे फुग्गर सावकारांना विकला, १५५१ मध्ये एलिझाबेथच्या धाकट्या भावानं, सहाव्या एडवर्डनं खरेदी केला. इंग्लंडच्या चार्ल्स राजाच्या काळातल्या यादवीत, १६४५ च्या सुमाराला, तो नाहीसा झाला. कुणी फोडला, कुठे गेला, पत्ता नाही. बाझलनं विकण्याआधी त्याचं मापाबरहुकूम चित्र करून ठेवलं होतं, आणि हे इथलं चित्र. उरलीत ती अशी चित्रंच.

मावशी लाल खड्यांकडे बघून म्हणाली, “माणिक नव्हे हे. लालडी असणार.” लालडी म्हणजे स्पिनेल, आणि अभ्यासकही तेच म्हणतात. चारशे वर्षांपूर्वी हरवलेल्या खड्याची जात तिनं रंगावरून ओळखली. दिवसभर मग तिच्याशी बोलायची सोय नव्हती.

दुसरं चित्र ‘रेनबो पोर्ट्रेट’, १६०० ते १६०२ मधलं. राणी सत्तरीला टेकलेली आणि चित्रात वीस वर्षांची. चेहरा नेहमीचा, वय शून्य. हातात इंद्रधनुष्य, वर लॅटिन ओळ: सूर्याविना इंद्रधनुष्य नाही. सूर्य कोण ते आलंच. पण इंद्रधनुष्याला रंगच नाहीत, हातात सलाइनची नळी धरल्यासारखं दिसतं. रंग उडाले की मुळातच नव्हते यावर पंडितांचं एकमत नाही.

अंगावरच्या केशरी शालीवर सगळीकडे डोळे आणि कान काढलेत. राणी सगळं बघते, सगळं ऐकते. सेसिल हा हेरखात्याचाही धनी होता, हे लक्षात घेतलं की त्या शालीची मजा वाढते. चोळीवर वसंतातली फुलं. डाव्या बाहीवर वेटोळं घातलेला रत्नजडित साप, त्याच्या तोंडातून लोंबणारं माणकाचं हृदय. शहाणपणाच्या ताब्यात भावना, असा अर्थ लावतात.

इथे माझ्या मताची पंचाईत झाली. हा साप खरंच घडवलेला दागिना होता की चित्रकाराची कल्पना? डोळ्याकानांची शाल कुणी भरतकाम करून शिवली असेल का? मावशी बराच वेळ सापाकडे बघत होती. मग म्हणाली, “मोती खरे आहेत. लोंबतायत ते वजनानं लोंबतायत. सापाला वजन नाही. तो बाहीवर ठेवल्यासारखा आहे, अडकवलेला नाही. टाका कुठे, कडी कुठे?”

मी जवळ जाऊन बघितलं. कडी नव्हती. म्हणजे शेवटी शेवटी दागिनेही छापातले झाले असावेत. नाहीतर निदान हा साप तरी. चोळीच्या फुलांचं मात्र तसं नाही. हिरफर्डशायरमधल्या बॅक्टन गावच्या चर्चमध्ये वेदीवर घालायचं एक रुपेरी कापड होतं, त्यावर अशीच फुलं, पानं, प्राणी भरलेले. ते एलिझाबेथच्याच झग्याचं असावं, असं आता मानतात. तिच्या कपाटातल्या शेकडो झग्यांपैकी बहुधा एवढाच तुकडा.

परतीच्या गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती.

सोमवार : वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी

अ‍ॅबी रविवारी पर्यटकांना बंद असते म्हणून आज. तिकीट महाग, रांग लांब, आत ढकलाढकली. एलिझाबेथची समाधी सातव्या हेन्रीच्या चॅपेलच्या डाव्या अंगाला. मॅक्सिमिलियन कोल्टनं घडवलेली संगमरवरी राणी पहुडलेली आहे. तिच्याच खाली मेरी, जिनं तिला टॉवरमध्ये कोंडलं होतं ती बहीण. वर पुतळा एकीचाच. चारशे वर्षांत पुतळ्याच्या अंगावरच्या राजचिन्हांवरही लोकांनी हात मारला, पुढे काही नव्यानं करून बसवावी लागली. दगडाच्या राणीलाही सोडलं नाही.

वरच्या मजल्यावर संग्रहालय आहे, त्याचं वेगळं तिकीट. तिथे ‘एसेक्स रिंग’. सोन्याच्या अंगठीत राणीचं कोरीव मुखचित्र. गोष्ट अशी सांगतात की राणीनं ती एसेक्सच्या उमरावाला दिली होती, संकटात पाठव, माफ करीन, असं वचन देऊन. १६०१ मध्ये बंडाबद्दल त्याला मृत्युदंड झाला तेव्हा त्यानं ती पाठवली, पण भलत्याच बाईच्या हाती पडली आणि राणीपर्यंत पोचलीच नाही. त्याचं डोकं उडालं. गोष्ट नंतरची आहे, त्या काळात कुणी लिहिलेली नाही. मला ती साफ खोटी वाटते. ज्या दरबारात पडलेल्या बटणाची नोंद होते तिथे राणीची अंगठी हरवते आणि कुणाला कळत नाही?

मावशीला पटलं नाही. तिचं म्हणणं, बटणाची नोंद कारकून ठेवतो, अंगठी बायकांच्या हातून जाते, आणि बायकांच्या हातून गेलेलं कुठल्या वहीत येतं? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही जिना उतरेपर्यंत वाद चालला, मग बाहेर पाऊस सुरू झाला म्हणून बंद पडला.

लिव्हरपूलच्या वॉकर गॅलरीतलं ‘पेलिकन पोर्ट्रेट’ राहिलं. ते आणि पोर्ट्रेट गॅलरीकडचं ‘फिनिक्स’ चित्र त्याच त्या ओक झाडांच्या फळ्यांवर काढलेली आहेत, हे तपासणीत निघालंय. मावशीनं गाडीचं वेळापत्रक मुलीकडून मागवून घेतलंय.